नागम्माला उठवलं त्या सोमवारी

रेणापुरात भांडण कुणाचंही असो, वीरभद्रअप्पांचा शब्द शेवटचा. दुकान बियाण्यांचं, पण ओट्यावर न्याय मागणाऱ्यांचीच वर्दळ जास्त, आणि अप्पांचा थाट असा की न्यायाधीशानं शिकून घ्यावा. माणूस समोर आला की त्यांचं मन निकाल देऊन मोकळं होई. कारणं मग सावकाश जमवली जात. इतकी वर्षं ती जमत गेली, म्हणून अप्पांना तो आपला गुणच वाटायचा.

श्रावणातल्या सोमवारी मठात महाप्रसाद होता. बायका पोळ्या लाटत होत्या. त्यांत नागम्मा होती, शिवणकामावर पोट भरणारी गावातलीच विधवा. तिनं पदरानं घाम पुसला तेव्हा अप्पांना दिसलं, गळ्यात इष्टलिंग नाही. लिंगायतानं मरेपर्यंत अंगावेगळं करू नये ते हिनं काढून ठेवलं! अप्पांचं डोकंच सणकलं.

"नागम्मा, ऊठ. लिंग सोडलेल्या बाईच्या हातची पोळी हितं चालणार न्हाई."

ती उठली. हाताचं पीठ झटकून सगळ्यांच्या देखत निघून गेली. गप्प राहिली म्हणजे गुन्हा कबूल, असं अप्पांनी धरलं आणि पोटभर जेवले.

घरी बायको, सुकन्या, वाटच पाहत होती.

"तिला विचारलं का तुमी?"

"इचारायचं काय त्यात? डोळ्यांनी बघितलं की."

"तिची अंबिका उदगीरच्या रस्त्यावर गाडीखाली गेली, तवा पोरीचं लिंग कुठं पडलं ते घावलंच न्हाई. समाधीत बसवताना हातावर लिंग लागतं. पोर रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून हिनं आपलं काढून तिच्या तळहातावर ठिवलं. मी तिथंच होते."

"मग नवं का न्हाई घेतलं?" अप्पांच्या तोंडून निघालं, आणि ऐकताक्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढं कळल्यावरही आपण त्या बाईत खोटच शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला नागम्माच्या दारात गेले. शिवणयंत्र न थांबवता ती म्हणाली, "अप्पा, उठवलं समद्यांसमोर. आता एकटीला काय सांगायलात?"

पुढच्या सोमवारी पंगत बसल्यावर अप्पा उभे राहिले. नागम्मा मठाच्या दाराशी होती. त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी चुकलो."

"तुमाला काय ठावं अप्पा?" पंगतीतून बसवंत ओरडला. "तिनं सांगायचं व्हतं की!"

"हाव, चूक तिचीच हाय," शेजारच्यानं री ओढली.

माना डोलल्या. माफी मागायला उभ्या राहिलेल्या माणसाला गावानं बघता बघता निर्दोष सोडलं. अप्पांनी तिथंच त्यांना गप्प करायला हवं होतं. पण त्यांना एकदम हलकं वाटलं. चेहऱ्यावर जरासं हसूही आलं, आणि ते खाली बसले.

वाढप सुरू झालं. अप्पांनी मान वर केली तेव्हा नागम्मा चपला पायात सरकवत होती. ती त्यांच्याकडेच बघत होती. तिनं ते हसू पाहिलं होतं.