दोऱ्याखालची पानं

चहा उकळेपर्यंत मंदाबाई अंगठीचा कालचा दोरा सोडायची आणि आजचा गुंडाळायची. अंगठी नवऱ्याची, तिच्या बोटाला सैल. आतल्या बाजूनं दोरा भरला की घट्ट बसे. कोसाडच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत धागा कटिंगला साड्यांचे गठ्ठे येत. भरतकामामागचे लोंबते धागे कापूनच मंदाबाईनं मुलीला, वर्षाला, वाढवलं होतं. दोऱ्याला तोटा नव्हता. काल हातात ज्या रंगाची साडी, आज बोटात त्या रंगाचा दोरा.

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला दीर धुडकू जेवणानंतर म्हणाला, "वहिनी, ती अंगठी आमच्या वडिलांची, आबांची. आता आमच्या महेशच्या लग्नात त्याच्या बोटात घालू."

"ती मना बापनी दियेल शे. जावयाला घातलेली."

"तुमच्या वडिलांची तर कारखाना बंद होता तेव्हा मोडली. दादा स्वतः बोलला होता मला."

वर्षाचा हा काका खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच अडचण होती. नवऱ्याच्या अंगठ्या दोन होत्या, एक आबांची, एक सासऱ्यांची, दिसायला सारख्या. त्यातली एक मोडली होती. कोणती, ते सांगू शकणारा माणूस आता हार घातलेल्या फोटोत होता.

रात्रीची भांडी घासताना वर्षा म्हणाली, "माय, देऊन टाक ना. कशाला भांडण?"

"पोराला अंगठी, आणि माझ्या पोरीला काय, गठ्ठ्याचं फडकं? ही माझ्यामागं तुझी."

काकानंच तोड काढली, भागळच्या सराफ बाजारात चंचलबेनच्या पेढीवर दाखवू. हॉलमार्क नव्हताच, अंगठी त्याच्या आधीची. चंचलबेननं दोरा उलगडला, डोळ्याला भिंग लावलं.

"अरे, सिक्का है! सोनी का अपना. तीन पान. धागा नहीं होता तो कब का घिस जाता."

"पण सोनार कोणता?" काकानं विचारलं.

"वो मैं क्या जानूँ, भाई? दोनों घर का पुराना गहना दिखाओ."

मंदाबाईनं पिशवीतून डबी काढली. आत वर्षभर मिटून ठेवलेलं मंगळसूत्र.

काका दचकला. "वहिनी, इथे? लोक बघताहेत."

"बघू दे. डोळे त्यांचे."

मंगळसूत्राची एक वाटी माहेरानं घडवायची, एक सासरानं, ज्यानं त्यानं आपल्या सोनाराकडून, अशी त्यांच्यातली रीत. चंचलबेननं वाट्या उलट्या केल्या. एकीच्या पोटात त्रिशूळ, दुसरीच्या पोटात तीन पानं.

"मायके की कौन सी?"

मंदाबाई काकाकडे वळली. "मी सांगितलं तर उद्या म्हणाल, बाईनं सोयीचं सांगितलं. भाऊ, तुमच्या गळ्यातलं पदक आबांनीच घडवून घेतलेलं ना? काढा."

काकानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. पदक काढून चंचलबेनसमोर ठेवलं. पदकाच्या पाठीवर त्रिशूळ होता.

"मग आबांचीच मोडली म्हणायची," तो कुणाकडे न बघता म्हणाला. पदक परत घालताना त्याला साखळीचा फासा सापडेना. शेवटी मंदाबाईनंच तो लावून दिला.

मंगळसूत्र मात्र डबीत परत गेलं नाही. तिनं ते तिथेच, पेढीच्या आरशासमोर, गळ्यात घातलं.

"माय, अगं..." वर्षा कुजबुजली.

"एक वाटी मना बापनी, एक तुझ्या आजाची. लोकांची यात कोणती?"

बसमध्ये तिनं पदर पुढे ओढून घेतला नाही. कोसाडच्या बायकांनी चार दिवस तोंडं वाकडी केली, पाचव्या दिवशी गठ्ठे वाटून घ्यायला पुन्हा तिच्याच ओट्यावर आल्या.

गेल्या हिवाळ्यात मंदाबाई गेली. अंगठी आता वर्षाच्या बोटात आहे, तिलाही सैलच. महेशच्या लग्नात ती घालून वर्षा पहिल्या रांगेत बसली होती.

मायच्या शेवटच्या सकाळी तापानं तिला उठवत नव्हतं. चहा वर्षानं ठेवला, दोराही तिनंच घेतला. मायनं अंथरुणातून हात पुढे केला आणि रंग बघून मागे घेतला.

"हिरवा काल झाला. लाल गुंडाळ."