फळ्यावरची गुहा

गुहेच्या सहलीचा अहवाल मुलींनी सहलीच्या आदल्या दिवशीच लिहिला होता. मुख्याध्यापकांनी मजकूर दिला, मी तो फळ्यावर लिहिला आणि सातवीच्या वर्गाने वहीत उतरवला. 'गुहेतील गारव्याने मन प्रसन्न झाले.' आमच्या सोलापूरच्या शाळेत क्षेत्रभेट म्हणजे हेच. तरी बसमध्ये मी मोठ्या तोंडाने सांगितलं, "खाली अर्धं पान मोकळं आहे. तिथं स्वतः बघाल ते लिहा. त्याचे वेगळे गुण देईन."

गुहा निसर्गाची होती, घाण सगळी माणसांची. तोंडाशीच मुताचा भपकारा आला. आत भिंतींवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, बदाम, बदामात नावं. पायाखाली वटवाघळांच्या लेंड्या आणि त्यात रुतलेलं कुणाच्या तरी बाळाचं डायपर. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून आत आले, फोटोपुरता रुमाल काढून हसले आणि बाहेर पळाले. तेवढ्यात दोन मुलींना लघवीला लागली. ते बाहेरूनच म्हणाले, "आत अंधार आहे की, तिथंच बसवा."

बाहेर उघडं माळरान, आडोसा कुठे नाही. मी बसवलं.

शेंगाचटणीचे डबे तसेच परत आले.

त्या दोघींतली एक कुंभारीहून यायची. घरी आई विड्या वळते, तंबाखूच्या उग्र वासात वाढलेली पोर, उगाच नाक मुरडणारी नव्हे. सगळ्या वर्गात त्या अर्ध्या पानावर तिनेच लिहिलं होतं: 'गुहेत मुताचा वास येतो. कारण सहलीच्या पोरींना आत बसवतात. आमीपण बसलो.'

मुख्याध्यापकांनी वही माझ्यापुढे टाकली. "तपासणीला हे दाखवायचं? खोडा."

"खरं आहे, सर."

"म्हणून तर खोडा."

मी लाल पेनाने तिन्ही ओळी खोडल्या, खाली सही केली. गुण दिले नाहीत. गुहेत आली नव्हती एवढी किळस मला त्या सहीची आली, पण सही केली ती केलीच. तिने वही घेतली, पान बघितलं आणि दप्तरात ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी निबंध दिला, 'माझे घर'. सगळ्या लिहायला लागल्या. ती पेन उघडून नुसती बसली होती.

"लिही की," मी म्हणाले.

"तुमी फळ्यावर लिवा की, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "मग मी उतरवते."