चाळीस किलोंत दोन वर्षं

दिनांक १४ ऑक्टोबर १९९७. एकूण वजन चाळीस किलो. हजर: माझे वडील आप्पा, शिरूरचे दगडूमामा, माझी बायको शालन आणि मी. स्थळ: भांडगावच्या आमच्या घरापुढचं कडुनिंबाचं झाड. त्याच्या फांदीला मामांनी आपला लोखंडी तराजू टांगला होता. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दौंडहून दिल्लीच्या गाडीत बसणार होतो आणि दिल्लीहून विमानानं कझाकस्तानातल्या अल्माटीला जाणार होतो. विमानात माणशी वीस किलो सामान फुकट. त्याच्या वर प्रत्येक किलोला तीनशे दहा रुपये. हा नियम मी तिकिटाच्या मागून उतरवून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता.

मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कंपनीनं अल्माटीत गोदाम काढलं. देश कझाकांचा, पण बाजारात आणि कचेरीत सगळीकडे बोली रशियन. आधी पाठवलेली दोन तरुण पोरं सहा महिन्यांत परत आली. तेव्हा साहेबांनी बेचाळीस वर्षांच्या मला बोलावलं. मालाची एक बाटलीही इकडची तिकडे न होऊ देणारा माणूस हवा होता. पगार अडीचपट, मुदत दोन वर्षं, बायकोला नेण्याची परवानगी. मुलीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, आप्पा धडधाकट, म्हणजे घरी अडकवणारं काही नव्हतं. अडचण एकच होती. शालन येईल की नाही, हे शालनलाच माहीत नव्हतं, आणि ती नसेल तर मी जाणार नव्हतो. हे मी साहेबांना सांगितलं होतं. तिला सांगितलं नव्हतं.

परत आलेल्या पोरांपैकी एकाला मी पत्र टाकलं: तिथं खायला काय मिळतं? त्याचं उत्तर मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पा तरुणपणी दर साल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. सगळा संसार घोड्यावर लादलेला, वर कोंबड्या बांधलेल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, तिथं मेंढरं हायेत का? भरपूर आहेत, असं पत्रात होतं. मग माणसं बरी असतील, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. पुढच्या ओळीत तिथले लोक घोड्याचं मटण आवडीनं खातात असं लिहिलं होतं. ती ओळ मी गाळली. आप्पा आपल्या जुन्या घोड्याचं नाव निघालं तरी अजून उठून अंगणात जात असत.

शालननं मात्र पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाली, "पाव, बटाटे आन् घोडा. भाकरी कुठं हाय यात?"

भाकरी नव्हती. तिची अट तिथंच ठरली. जिथं भाकरी नाही तिथं ती येणार नाही, नाहीतर दोन वर्षांचं ज्वारीचं पीठ बरोबर घ्यायचं. मी वही काढली. रोज चार भाकरी, एकीला शंभर ग्रॅम पीठ, सातशे तीस दिवस: दोनशे ब्याण्णव किलो. परवानगी दोघांची मिळून चाळीस. मी हे आकडे तिच्यापुढे ठेवले. तिनं ते पाहिले आणि मला जेवायला वाढलं. चौथ्या दिवशी मी दुसरा हिशेब मांडला. कपडे कमी केले, माझा एक जोड बूट काढला, मसाला अर्धा केला, तर अठरा किलो पीठ बसतं. अठरा किलो म्हणजे पंचेचाळीस दिवस.

"आन् शेहेचाळिसाव्या दिवशी?"

"तोवर काहीतरी सापडेल."

"न्हाई सापडलं तर मी माघारी येणार. तुम्ही बसा औषधं मोजत."

मी कबूल केलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. ती बोलते ते करते, याचा मला एकवीस वर्षांचा अनुभव होता.

म्हणून वजन बिनचूक हवं होतं, आणि म्हणून दगडूमामा. आईचे थोरले भाऊ. शिरूरच्या मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा माणूस. त्यांच्या तराजूवर कधी कुणी शंका घेतली नव्हती. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये तराजू मांडीवर घेऊन ते न्हावरा-चौफुला करत आले. मी आत आप्पांना पासपोर्टवरचा माझा फोटो दाखवत होतो. बाहेर मामांनी दोन्ही बॅगा तोलल्या आणि आत येऊन चिठ्ठी दिली: वीस अधिक वीस, चाळीस. मी फक्त एवढंच विचारलं की मामा, नक्की ना?

"बापू, अडतीस वरसं तोलतोय मी."

पुढे विचारणं म्हणजे त्यांचा अपमान होता. शिवाय बॅगांत अजून जागा दिसत होती. शालन वाटेसाठी भाकरी थापत असताना मी माझ्या बॅगेतला दुसरा बूटजोड आणि दोन जाड चादरी काढून त्या जागी काहीतरी सरकवलं आणि मामांकडून ती बॅग परत तोलून घेतली. वीसच भरली.

दिल्लीच्या विमानतळावर काट्यावर बॅगा ठेवल्या. सत्तेचाळीस किलो.

काटा चुकीचा असेल असं मी काउंटरवरच्या मुलीला नम्रपणे सांगितलं. तिनं दुसऱ्या काट्यावर ठेवल्या. सत्तेचाळीस. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्केट यार्डात पोत्याचं वजन मालात धरत नाहीत. पोतं तोलायचं आणि त्यातून बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, कडता वजा करायचा, ही रीत. मामांनी एका बॅगेला साडेतीन किलो कडता कापला होता. आत वीस किलो माल अगदी बरोबर होता. बॅग ही त्यांच्या लेखी पोतं होती. पुढे सुट्टीवर आल्यावर त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वजन बरोबरच हाय. बारदानाचं भाडं घेणारा तुमचा विमानवालाच लबाड." आणि मी? वीस वर्षं प्रत्येक ड्रमचं रिकामं आणि भरलं वजन वेगळं लिहिणारा माणूस. चिठ्ठीवर आत की एकूण, एवढं विचारलं नाही.

सात किलोंचे दोन हजार एकशे सत्तर रुपये. माझ्याजवळ स्वतःचे चौदाशे साठ. पाकिटात कंपनीचे तीनशे डॉलर होते, पण ते कंपनीचे होते. शालननं त्या पाकिटाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. चार किलोंचे पैसे भरता येत होते. तीन किलो बाहेर काढायचे होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आटा निकाल दीजिए, वहाँ भी मिलता है." रांगेतले लोक घड्याळं बघायला लागले.

तीन किलो पीठ म्हणजे साडेसात दिवस. पंचेचाळीसचे साडेसदतीस होणार. मी शालनच्या बॅगेच्या कुलपाला हात लावला. ती बॅगेवर बसली. रागानं नाही, बाजेवर बसावं तशी सावकाश.

"तुमची बॅग उघडा आधी," ती म्हणाली.

माझ्या बॅगेत दोन जाडजूड कोरी स्टॉक रजिस्टरं होती, लाल पुठ्ठ्याची, दौंडच्या दुकानातून आणलेली. दुसऱ्या बूटजोडाच्या आणि चादरींच्या जागी मी तीच सरकवली होती. तिला कळलं नसेल असा माझा समज होता.

"तिथं कागद मिळत न्हाई व्हय?"

मिळत असणार, पण तसल्या रकान्यांचं, तसल्या शिवणीचं रजिस्टर मिळेल का, याची मला महिनाभर धास्ती होती. तिला भाकरीची होती, मला रजिस्टरांची. माझी धास्ती मी हिशेबात धरली नव्हती, एवढाच फरक. मी रजिस्टरं काढली. तीन किलो शंभर ग्रॅम भरली. ती तिथल्याच एका झाडूवाल्याला दिली. त्यानं पानं उलटून पाहिली आणि आत काहीच लिहिलेलं नाही म्हणून तो निराश झाला.

अल्माटीत आम्हाला पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बर्फ लवकर पडला. पीठ शालन बाल्कनीत ठेवी, त्यामुळे ते कडू झालं नाही. सकाळी सहाला ती परातीत भाकरी थापायची आणि मी गोदामात जायचो. गोदामाला तिथं 'स्क्लाद' म्हणतात. संध्याकाळी आल्यावर ती आत असताना मी बाल्कनीत जाऊन डबा हातानं तोलून बघायचो. दिवसभर ती एकटी. बाहेर पडायची नाही. एकोणतिसाव्या दिवशी तिनं परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. मी सांगितली.

चौतिसाव्या दिवशी पहाटे दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरची म्हातारी, डोक्याला लोकरी रुमाल, हात कमरेवर. महिनाभर रोज पहाटे तिच्या डोक्यावर कोण बडवतंय, हे विचारायला आली होती, एवढं तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. तिची रशियन आम्हाला कळेना, आमची मराठी तिला. शालननं तिला हाताला धरून आत नेलं आणि परातीत एक भाकरी थापून दाखवली. म्हातारी बघत राहिली. मग शालननं ती भाकरी तव्यावरून काढून, वर तूप घालून तिच्या हातात ठेवली. म्हातारीनं उभ्यानं सगळी खाल्ली आणि तडक निघून गेली. आता तक्रार करणार, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन आली. आत राळ्यासारखं बारीक पिवळं धान्य. त्याचं नाव तिनं तीनदा सांगितलं: पशेनो. दळायला आपलं कॉफीचं यंत्रही आणलं होतं. पहिली भाकरी तुटली, दुसरीही तुटली. मग शालननं त्यात मूठभर कणीक घातली. आठवडाभर दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना आपापल्या भाषेत रागावत होत्या. मी मध्ये पडलो नाही.

पंचेचाळिसावा दिवस आला. मी सकाळी उशिरापर्यंत बूट घालत बसलो. शालन दारात आली आणि पिशवी पुढे केली.

"येताना बझारातून दोन किलो पशेनो आणा. आन् नीट बघून घ्या, मागच्या टायमाला खडे होते."

दोन वर्षांनी सुट्टीवर भांडगावला आलो. कंपनीला मुदत वाढवून हवी होती. मी उत्तर दिलेलं नव्हतं. शालनला विचारायचं कसं, हेच ठरत नव्हतं. आठव्या दिवशी सगळे ओट्यावर बसलो असताना तीच म्हणाली, "अहो, घरी कवा जायचं आपण?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या लक्षात आलं तशी ती पदर सावरत आत जायला उठली.

"बस गं," आप्पा म्हणाले. "तुझी सासू बी कोकणात चार म्हयनं राहून माघारी आली की असंच म्हणायची. मी कधी रागावलो न्हाई."

आज या गोष्टीला सात वर्षं झाली. आम्ही अजून अल्माटीतच आहोत. तिथं असताना शालन 'गावाकडचं घर' म्हणते आणि गावाकडं आलो की 'तिकडचं घर'. दोन्हीकडे एकेक तवा आहे. मला यात गोंधळ वाटत नाही. दोन गोदामं सांभाळणाऱ्याला तो वाटू नये.

त्या सुट्टीत निघायच्या आदल्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेलो. भांडगावच्या घराची पुढच्या दोन वर्षांची घरपट्टी आगाऊ भरली. चारशे साठ रुपये, रोख, ग्रामसेवकांच्या हातात.