चाकांवर आलेले वाहन

प्रयोगाच्या नोंदवहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा असतो. तो मुद्दाम अरुंद आखतात, कारण शिस्तीच्या प्रयोगात शेरा लिहिण्याजोगे फारसे घडू नये अशी अपेक्षा असते. बाभुळगाव रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनची माझी वही उघडलीत, तर आकडे निमूट रांगेत उभे दिसतील. शेरे मात्र रकाना ओलांडून समासात आणि समासातून थेट मागच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचलेले.

मी यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उपकरणशास्त्र शिकवते. एका कंपनीने त्या स्टेशनवर विजेच्या गाड्यांसाठी यांत्रिक हात बसवला. चालकाने गाडी उभी करायची, खाली उतरायचेही नाही. हात कॅमेऱ्याने सॉकेट शोधतो आणि स्वतःच प्लग बसवतो. त्याची चाचणी माझ्याकडे होती. नियमाचे वाक्य मीच लिहिले होते आणि त्यावर तीन दिवस घालवले होते: 'चाकांवर आलेल्या वाहनाशी, माणसाचा हात न लागता झालेली प्रत्येक जोडणी ग्राह्य.' अशा सलग शंभर जोडण्या हव्या होत्या. मध्ये कुणाचा हात लागला, की मोजणी पुन्हा शून्यापासून. मुदत पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत.

शंभर न झाल्यास यंत्र परत जाणार होते, आणि त्याच्याबरोबर ते सांभाळणारे परसराम राठोडही, कंपनीच्या दूरच्या शहरातल्या गोदामात. परसरामभाऊंचा तांडा तिथून हाकेच्या अंतरावर. ते म्हणत, "आमचे पूर्वज बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरले, मॅडम. माह्या पिढीत पयल्यांदा मुलूखच चालून माह्यापाशी येते. आता मले कायले फिरवता?"

*

पहिली गाडी घाटंजीच्या एका मास्तरांची. नवी कोरी, सॉकेट पुढच्या बाजूला, आणि बरोबर सॉकेटवर लिंबू-मिरची लोंबत होती. हात सावकाश पुढे आला, लिंबापासून वीतभर अंतरावर थांबला, मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा पडद्यावर उमटले: 'अडथळा.'

"सर, थे लिंबू काढा," परसरामभाऊ म्हणाले.

"शनिवारी बांधलं. शनिवारीच सुटते."

"आज मंगळवार हाये."

"मग? घरापर्यंत पुरते चार्जिंग."

मास्तर गेले. शनिवारी सकाळी परत आले, जुने लिंबू सोडले, जोडणी क्रमांक एक झाली, आणि मग नवे लिंबू बांधले. शेरा: 'वाहनास आठवड्यातून एकदाच भूक लागते.'

*

मोजणी एकेचाळीसवर पोचली होती. एका गाडीतून धोतर नेसलेले आजोबा उतरले. हात जाड केबल घेऊन हळूहळू पुढे सरकत होता. आजोबांनी क्षणभर पाहिले आणि केबल दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतली.

"आजोबा, हात काहून लावला?" परसरामभाऊ धावत आले.

"एकटंच ओढून राह्यलं होतं बिचारं. कोणी वजन उचलते अन् आपण पाहत उभं राहाचं?"

मी वहीत शून्य लिहिले. दोष यंत्राचा नव्हता, पण वाक्य माझे होते.

दुसऱ्या दिवसापासून नवीच पद्धत सुरू झाली. शेजारी कुसुमकाकूंची चहाची टपरी आहे. मागची कपाशीही त्यांचीच. गाडी थांबली रे थांबली, की काकू प्रत्येकाच्या हातात चहाने काठोकाठ भरलेली बशी देत. "बशी भरून असली, का माणूस जागचा हालत नाही," काकू म्हणाल्या. इतकी निर्दोष सुरक्षा-व्यवस्था मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

*

काकू काहीच टाकत नाहीत. रोज सकाळी यंत्राचा सराव घेण्यासाठी फळीवर बसवलेले एक सॉकेट होते. त्याला तडा गेला, नवे आले. जुने काकू घेऊन गेल्या. "तडकलं असलं तरी हात त्याले वळखते अजून," परसरामभाऊंनी बजावले.

"मंग तर बरंच हाये," काकू म्हणाल्या.

*

श्रावणातल्या एका सकाळी धुके इतके दाट होते, की कपाशीचे शेत पांढऱ्या पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. यंत्राचा निळा दिवा तेवढा तरंगत होता. धुक्यातून काकूंचा बैल आला आणि गाडीच्या जागेत उभा राहिला.

हात जागा झाला, पुढे आला आणि बैलाच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कुणीच घाईत नव्हते. मग बैलाने प्लग शांतपणे चाटला. पडद्यावर अक्षरे आली: 'वाहन ओळखता आले नाही.'

"वळखलं नाही?" काकू म्हणाल्या. "गाडी ओढणारा थोच."

मी शून्य लिहायला पेन उचलले. परसरामभाऊ हलकेच म्हणाले, "मॅडम, तुमच्या नियमात माणसाचा हात लिवला हाये. बैलाची जीभ नाही."

मी वाक्य पुन्हा वाचले. शून्य लिहिले नाही.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मोजणी होती शहाण्णव. परसरामभाऊ वाटीत तूप आणि हळद घेऊन आले आणि यंत्राच्या खांद्याचा सांधा चोळू लागले. बैलांची खांदशेकणी करतात, अगदी तशी. जोडणी चालू नव्हती, त्यामुळे मला हरकत घेता येईना. शेवटी ते त्याच्यापुढे वाकले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, मेन स्विच बंद होता.

"भाऊ, चार राहिल्यात. उद्याचा एकच दिवस आहे."

"मले ठाऊक हाये. पण पोळ्याले खांद्यावर काही ठेवत नाही."

"यंत्राला थकवा येत नाही."

"बैल तरी कुठं सांगते, मॅडम?"

चार्जिंगसाठी आलेल्या दोन गाड्या त्यांनी हात जोडून परत पाठवल्या. खांद्यावरची हळद उन्हात दिवसभर चमकत होती.

*

शेवटचा दिवस तान्ह्या पोळ्याचा. गावोगावी मुले चाकांचे लाकडी बैल ओढत मिरवतात. रस्ता ओस होता. दुपारपर्यंत दोन गाड्या आल्या. चारला तिसरी आली, बशा भरल्या गेल्या, जोडणी झाली. नव्व्याण्णव.

पाच वाजले, साडेपाच वाजले. परसरामभाऊंनी सरावाची फळी, पान्हे, झाडू असे सगळे एका पेटीत नीट भरले. पेटी बंद केली नाही. मी सहाला वही मिटणार होते.

उन्हे कपाशीवर उतरली होती, आणि त्या पिवळ्या उजेडातून काकू येताना दिसल्या. साठीची बाई, नऊवारी नेसलेली, दोरीने लाकडी बैल ओढत. बैल माझ्या कमरेइतका उंच होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल.

"नात तापली हाये," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बैलाचा पोळा कायले बुडवा."

बैल त्यांनी गाडीच्या जागेत आणून उभा केला. चाके बरोबर पट्ट्यावर. कपाळावर, बाशिंग बांधतात त्या जागी, ते तडकलेले सॉकेट ठोकलेले होते.

मग काकूंनी एक भरलेली बशी परसरामभाऊंच्या हातात दिली आणि दुसरी माझ्या.

हात जागा झाला. हळदीचा खांदा सावकाश खाली झुकला, पूर्वी कधी झुकला नव्हता इतका खाली, आणि प्लग बैलाच्या कपाळाला अलगद टेकला. खट् असा बारीक आवाज झाला. पडद्यावर अक्षरे आली: 'वाहन ओळखले.'

सहाला तीन मिनिटे होती. परसरामभाऊ बशी धरून माझ्याकडे पाहत होते. त्यातला थेंबही हलत नव्हता. मी माझे वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. मग बशी खाली ठेवली, आणि शंभराव्या ओळीत 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'चारचाकी.'

शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला.