बहिणीच्या लग्नाची सीडी आज आली

मित्रांनो, धाकट्या बहिणीच्या लग्नाची सीडी आज हातात पडली. लग्नाला वर्ष होत आलं.

शहापूरच्या व्हिडिओवाल्याला मी तेव्हाच सांगितलं होतं, "काचबिंदूने आईची नजर चाललीय, लवकर दे." विचारलं की तो म्हणायचा, "एडिटिंग चालू हाय." पुढे त्याने फोन घेणंच सोडलं.

दिवाळीनंतर आईला दिसेनासं झालं.

आज डोळखांबला घरी सीडी लावली. बहीण आईला एकेक सांगत होती. मधेच आईने विचारलं, "हळदीत तू कशी दिसतेस गो?" बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "चांगली दिसते, आये."

उशीर होणार हे त्याने सांगितलं असतं, तर मी एडिटिंगशिवायची कॅमेऱ्यातली कॅसेटच आणून आईला दाखवली असती. एवढं एक वाक्य सांगायचं माणसं का टाळतात?