एक्स-रेवरचा काळा ठिपका

कोल्हापुरात माझं ओटीच्या खणांचं दुकान आहे. हातगाडीवर सुरू केलेलं, जिभेच्या जोरावर उभं केलेलं. निम्म्या पेठेतल्या डोहाळजेवणांचे खण माझ्याकडून जातात. ओटी भरायला मात्र मला कुणी बोलावत नाही, कारण मला मूल नाही. भाव पाडताना ‘ताई, ताई’ करणाऱ्या बायका त्या दिवशी माझं दार टाळून जातात. हा राग मी अजून सोडलेला नाही.

पहिले डॉक्टर दर वेळी सोनोग्राफी करायचे आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून गोळ्या लिहून द्यायचे. शेवटी भांडून मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढायला लावला. फिल्म मिळाली तशी मी ती दुकानाच्या दारात उजेडावर धरली. खण घेताना मी असंच करते. विणीतली खोट लगेच दिसते. पिशवीच्या पांढऱ्या त्रिकोणात एक काळा ठिपका होता.

सासूबाई शेजारीच होत्या. “पिशवीच नासकी हाय की गं. आता धाकट्याचं पोरगं दत्तक घ्या. दुकानालाबी वारस पायजेच.”

नवरा खणांच्या घड्या घालत राहिला. पोट माझं, दुकान माझं, आणि निकाल देऊन त्या मोकळ्या.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटली. “सोनोग्राफी म्हणते काही न्हाय, ह्यो म्हणतोय हाय. खरं कोण?”

“एक्स-रे नळ्या मोकळ्या आहेत का बघायला चांगला. पिशवीच्या आतलं त्यावरून ठरवू नये. हवेचा बुडबुडाही असाच दिसतो. आधी आत सलाइन सोडून सोनोग्राफी करू. काही दिसलं, तर दुर्बीण.”

“म्हंजे अजून दोन? एकात भागवा की.”

“ताई, इथं घासाघीस नको. सलाइनमध्ये काही दिसलं नाही, तर दुर्बिणीची गरजच नाही. उगाच भूल घ्यायची आहे का?”

मी सलाइनची तारीख घेतली. घडीतला डाग घडी उघडल्याशिवाय दिसत नाही, एवढं मला कळत होतं.

सलाइन आत गेलं तशी ओटीपोटात कळ आली. पडद्यावर काळी पोकळी फुगत गेली. तिच्या भिंतीला एक करडा गोळा चिकटलेला होता. बुडबुडा असता तर सरकला असता. मी टेबलाची कड धरून बघत राहिले. तो सरकला नाही.

“कॅन्सर हाय का?”

“बहुतेक पॉलिप आहे, म्हणजे मांसाचा साधा कोंब. काढून तपासायला पाठवू.”

दुर्बिणीतून बघत त्यांनी तो काढला. तपासणीत साधाच निघाला.

“आता दिवस राहतील?”

“अडथळा होता, तो गेला. खात्री मी देणार नाही.”

खात्री घेतल्याशिवाय मी आजवर एक तागा उचललेला नाही. त्या दिवशी तशीच घरी आले.

सासूबाई वाट बघत होत्या. “मग पोराला कवा आणायचं?”

“न्हाय आणायचं.”

“आणि पाळणा हललाच न्हाय तर?”

“तर वारस मी निवडीन, आत्या. दुकान मी उभं केलंय.”

त्या ताडकन उठून आत गेल्या. धाकट्या दिराला लावलेला फोन बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

“न्हाय म्हणत्या. व्हय, डॉक्टरनीनं काय तरी काढलंय म्हणं. आता ती ऐकायची न्हाय.”