वुड यू लाइक कोंबडी-वडे?

आमच्या ताईचं लग्न माझ्या इंग्रजीमुळे मोडता मोडता राहिलं.

संपात गिरणी बंद, बाबा घरी, आणि मी नोकरीच्या आशेने दादरला इंग्रजी संभाषणाच्या क्लासला. तिथल्या सरांनी शिकवलेलं: पाहुण्याला 'वुड यू लाइक' असं हळुवार विचारायचं, एकदाच. 'नो, थँक यू' आलं की गप्प. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे रानटीपणा.

त्या रविवारी लालबागच्या आमच्या खोलीत मुलाकडचे बोलणी करायला आले. मुलगा फोर्टातल्या ऑफिसात, सोबत त्याचे मामा. (मामांचं पोट त्यांच्या बरंच आधी आत आलं.) आईने कोंबडी-वडे केलेले. ऐन संपात कोंबडी! अख्खी चाळ आमच्या दाराशी श्वास घ्यायला थांबत होती.

"आई, तू पडद्याआड बस. आग्रह करायचा नाही. मुलगा सायबांत वावरणारा आहे."

"अरे, मग वाढूचा कधी?"

"मी विचारल्यावर."

मी कॉलर नीट करून विचारलं, "वुड यू लाइक टू हॅव लंच?"

"नो, थँक यू," मुलगा लाजला.

"छे छे, कशाला त्रास, आत्ताच खाऊन निघालो," मामा म्हणाले.

याचा अर्थ 'ताट कुठाय?' असा होतो, हे गिरणगावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र पदवीधर. मान झुकवली आणि हवामानावर बोलू लागलो.

तास गेला. "वास झकास येतोय हो," मामा पडद्याकडे बघत म्हणाले.

"थँक यू," मी म्हणालो.

बाबा माझ्या कानाशी कुजबुजले. (जन्म गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात गेलेला, त्यांची कुजबुज समोरच्या चाळीत ऐकू जाते.) "गाढवा, भूक लागलीय त्यांना!"

"बाबा, ते नको म्हणालेत."

मामा उठून चपला घालू लागले. "जेवू घालायचं जिवावर येत असेल, तर त्या घरची मुलगी नको आम्हाला."

पडद्याआडून ताईचा हुंदका आला. पाठोपाठ भरलेलं ताट घेऊन आई आली आणि दारच अडवून उभी राहिली. "बसा. माका काय एक विचारूचा नाय."

मामा चपलांसकट बसले. 'नको, नको' म्हणत त्यांनी वड्यांची परात संपवली, मुलाने रश्श्याचा टोप. हात वाळायच्या आत सुपारी फुटली.

ते गेल्यावर शेवटची तंगडी ताटलीत घेऊन ताई माझ्यासमोर आली. "बाळ्या, वुड यू लाइक?"

"नको गं, तूच खा," मी रीतीप्रमाणे म्हणालो.

"थँक यू," म्हणून तिने चावा घेतला.

दुसऱ्यांदा विचारलं नाही. आमच्या घरात इंग्रजी नीट शिकलेली ती एकटीच, तीही क्लासला न जाता.